एकशिक्षकी शाळांच्या संघटनेची अध्यक्ष

लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला तेव्हा मी उदगीर तालुक्यातल्या एका तांड्यावर शिकवत होते. एक खोली, चार वर्ग आणि मी एकटी. माझं माहेर नांदेड जिल्ह्यातलं, हदगावकडचं. नवरा उदगीर स्टेशनवर नोकरीला, म्हणून मी इकडे आले. वाड्या-तांड्यांवरच्या अशा एकशिक्षकी शाळांच्या शिक्षकांची एक संघटना होती. जिल्हा फुटला तशी तीही फुटली. जुने अध्यक्ष उस्मानाबादकडे राहिले आणि आमच्या बाजूची खुर्ची रिकामी झाली.

उदगीरच्या एका शाळेच्या पटांगणात बैठक झाली. अध्यक्ष व्हायला कोणी तयार नव्हतं, कारण लातूरच्या नव्या कचेरीत खेटे घालावे लागणार होते. संघटनेचे सचिव असलेल्या गुरुजींनी माझं नाव सुचवलं. बाई समोर असली की साहेब बसा म्हणतात, आम्हाला उभं ठेवतात, असं त्यांनी कारण दिलं. सगळे हसले आणि मी अध्यक्ष झाले. आमच्या घरात सभेत बोलणारी मी पहिलीच बाई. वडिलांना कळवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की कागद वाचल्याशिवाय सही करू नको.

गुरुजी वडिलांच्याच वयाचे. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. नव्या कचेरीत जुन्या शिक्षकांची सेवापुस्तकं पोत्यांत भरून आली होती. त्यांची पहिली पानं उर्दूत, आणि ती वाचणारा तिथे कोणी नव्हता. त्यामुळे काहींच्या पेन्शनी अडकल्या. गुरुजी वाचायचे, मी मराठीत उतरवायचे, कारकून शिक्का मारायचा. पहिले काही महिने अशा कामात बरे गेले.

मग पाऊस दुसऱ्या वर्षीही गेला. दिवाळी होताच तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला निघाली. जी राहिली त्यांतली मोठी मुलं आईबापांबरोबर पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला लागली. माझ्यासमोर नऊ मुलं बसायची.

गाड्या निघायच्या आदल्या दिवशी एक बाई शाळेत आली. तिची मुलगी माझ्याकडे तिसरीत होती. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहून ती म्हणाली, "बाई, पोरीला संगं न्यावं लागतंय, धाकट्याला सांभाळायला. पर तिचं नाव काढू नका. नाव हाय तर ती येईल माघारी."

मी नाही काढणार म्हणाले. हजेरीपटावर अशी वीसेक नावं होती.

त्याच सुमारास कचेरीतून तोंडी निरोप आला. पंधरापेक्षा कमी मुलं हजर असलेल्या शाळा जवळच्या गावाच्या शाळेत मिसळायच्या आणि तिथल्या शिक्षकांना मोठ्या गावी सामावून घ्यायचं. आमचे सभासद खूश झाले. त्यात मला तेव्हाही वावगं वाटलं नाही. एक शिक्षक रोज आठ मैल सायकल मारायचे, हँडलला पाण्याची कळशी बांधून, कारण त्यांच्या वाडीची विहीर आटली होती. गुरुजींनी अर्ज लिहिला: शाळा लवकर मिसळाव्यात, सामावून घेताना शिक्षकांची पसंती विचारावी. मी तो दोनदा वाचला आणि सही केली.

अर्ज घेऊन गुरुजी आणि मी लातूरला गेलो. कचेरी भाड्याच्या इमारतीत होती. कपाटं आली नव्हती, फायली जमिनीवर रचलेल्या. शिक्षणाधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी दोघांनाही बसायला सांगितलं. अर्ज वाचून ते म्हणाले की संघटनाच मागणी करतेय, तर काम सोपं झालं.

मी तिथेच गप्प बसले असते तर काही बिघडलं नसतं. पण मी बोलले. म्हटलं, ही मोजणी आत्ता करू नये. माणसं गेलीत, ती पावसाच्या तोंडावर परत येतील, तेव्हा मुलं मोजावीत. शाळा एकदा उठली की परत बसत नाही.

साहेबांनी अर्ज खाली ठेवला. "बाई, हे संघटनेचं म्हणणं आहे की तुमचं?"

"अर्जातलं संघटनेचं. आत्ता बोलले ते माझं."

"लेखी द्याल?"

मी तिथेच कागद मागून घेतला आणि पाच ओळी लिहून दिल्या. गुरुजी खिडकीबाहेर बघत बसले होते. परतीच्या बसमध्ये ते उदगीर जवळ आल्यावर म्हणाले, "बाई, तुमी लेकरांच्या अध्यक्ष न्हाईत. आमच्या हाईत."

आजही मला वाटतं, ते बरोबर बोलत होते.

पुढच्या बैठकीत मला जाब विचारला गेला. कोणी आवाज चढवला नाही. कळशीवाले शिक्षक उठले आणि म्हणाले की बाईंचा नवरा रेल्वेत आहे, घरी नळ आहे, त्यांना तांडा परवडतो. हे खरं होतं. मी म्हणाले की मी अध्यक्ष म्हणून गेले होते आणि बोलले मात्र माझ्या मनाचं, ही चूक झाली. जे बोलले ते मात्र मागे घेणार नाही. मग मी राजीनामा दिला आणि त्यांनी तो घेतला. गुरुजी अध्यक्ष झाले.

साहेबांनी मोजणी जुलैपर्यंत पुढे ढकलली. माझ्या कागदामुळे की कपाटं न आल्यामुळे, ते मला ठाऊक नाही. जुलैत काही शाळा मिसळल्या, बऱ्याच राहिल्या. माझी राहिली. ती तिसरीतली मुलगी मात्र आली नाही. तिचं कुटुंब कारखान्याच्या बाजूलाच राहिलं, असं कळलं. दोन वर्षांनी मी तिचं नाव कमी केलं. कळशीवाल्यांच्या वाडीची शाळा बंद झाली आणि त्यांना सडकेवरचं गाव मिळालं. रस्त्यात भेटले की ते थांबून चौकशी करायचे.

मी साधी सभासद म्हणून बैठकीला जात राहिले. पहिल्या एक-दोन बैठकांत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची, पुढे राहीनाशी झाली. गुरुजींनी अध्यक्ष म्हणून कचेरीचा पिच्छा पुरवला, आणि तांड्यावर तीन वर्षं सलग काढणाऱ्याला पुढच्या बदलीत आधी गाव निवडायला मिळेल, असं ठरवून घेतलं. त्यानंतर तांड्यावरच्या जागा मागून घेणारे तरुण शिक्षक येऊ लागले. मुलांचंही भलं झालं आणि सभासदांचंही. मला ते सुचलं नव्हतं. तसं मी गुरुजींना एकदा बोलूनही दाखवलं. ते पान लावत होते. म्हणाले, "तुमी तवा बोललात म्हणून तर मला इचार करावा लागला." मग त्यांनी पान तोंडात टाकलं आणि बैठक सुरू केली.