आयर्लंडचा सातबारा

माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती तेव्हा मी नवऱ्यामुलाकडे बघत नव्हते आणि मुलीकडेही बघत नव्हते. मी बघत होते दाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या ओव्हरकोटाकडे. बाकी सगळ्यांचे कोट बाहेर खुंट्यांवर होते. यांचा अंगातच, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. म्हणजे उठून जायची पूर्ण तयारी. आणि ते उठून गेले असते तर माझ्यामुळे गेले असते.

हे जावयाचे आजोबा. तरुणपणी आयर्लंडहून जर्मनीत लुडविग्सहाफेनला कामाला आले आणि इथलेच झाले. आम्हीही असेच, नवऱ्याच्या केमिकल कंपनीमुळे.

भानगड सुरू झाली ती गुरुजींच्या फोननं. आमचे गुरुजी ड्युसेलडॉर्फला सॉफ्टवेअर लिहितात आणि शनिवारी लग्नं लावतात.

"गोत्र नाही? मग काश्यप लावू, गेनाऊ," ते म्हणाले. गेनाऊ म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर'. "पण कन्यादानाला मुलाच्या तीन पिढ्या लागतात बरं का वहिनी. वडील, आजोबा, पणजोबा."

जावयाला पणजोबा माहीत नव्हते. "आजोबा तिकडचं काही बोलत नाहीत," तो म्हणाला.

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. पण मी तलाठ्याची मुलगी! जमिनीचे कागद बघतच मी लहानाची मोठी झाले. म्हटलं, आजोबांना लग्नाआधी त्यांचे वडील भेट देऊ या. जावयाला कामाला लावलं, त्यानं तिकडच्या कचेरीतून आजोबांचा जन्मदाखला मागवला. त्यावर आईचं नाव होतं, गावाचं होतं, वडिलांची जागा कोरी. मी ते उडवून लावलं. कारकुनाचा आळस, दुसरं काय!

मग त्या गावाच्या जमिनीच्या जुन्या वह्या मिळाल्या. घर आजोबांच्या आईच्या वडिलांच्या नावावर होतं. ते नाव लाल शाईनं खोडलेलं आणि त्याच्यावर निळ्या शाईत एक परकं आडनाव. मी टाळीच वाजवली. "हा बघा फेरफार! सासऱ्यामागे जमीन जावयाला. घरजावई होता तुमचा पणजोबा!" मुलगी म्हणाली, मग आजोबांचं आडनाव आईकडचं कसं? मी म्हटलं, घरजावयाच्या पोरांना आजोळचंच आडनाव चिकटतं, आमच्या गावात अशी दोन घरं होती.

रविवारी सगळ्यांना कॉफीला बोलावलं. आजोबांपुढे लाडू ठेवला, उभी राहिले, घसा साफ केला आणि नाटकातली घंटा व्हावी तशी चमच्यानं कपावर टिंग करून ते नाव मोठ्यानं म्हटलं.

आजोबांचा कप बशीवर वाजायला लागला. मला वाटलं, आनंदानं.

"तो शेजारी," ते म्हणाले. "आजोबा गेल्यावर त्यानं आम्हाला घराबाहेर काढलं. मी आईचा हात धरून वाटेवर उभा होतो आणि तो आमच्या दारात. माझ्या आजोबांचा कोट घालून."

कोणी लाडवाला हात लावेना.

"माझे वडील कोण ते आईनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण ते नाव माझ्या नातवाच्या लग्नात घेणार असाल, तर मी येणार नाही."

नातू त्यांना हात धरून घेऊन गेला. मुलगी माझ्याशी बोलेना. आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई, ज्यांना मी लग्नापासून घाबरते, कोपऱ्यातून म्हणाल्या, "अगं तलाठ्याच्या लेकी, उताऱ्यावर नाव चढलं म्हणजे बाप होतो का? आपल्या मळ्यावर तुझ्या चुलतसासऱ्यांचं नाव होतं इतकी वर्षं. म्हणून काय ते ह्याचे बाप झाले?"

'ह्याचे' म्हणजे माझ्या नवऱ्याचे. त्यांना कॉफीचा ठसका लागला.

"लाव फोन गुरुजींना."

मी लावला. सासूबाईंनी तो हातातून घेतला. "गुरुजी, पणजोबा नाहीत. पणजीचं नाव घ्या. तिनं वाढवलं ना पोराला?"

"पण आजी, शास्त्राप्रमाणे पुरुषाचंच…"

"शास्त्रात ड्युसेलडॉर्फ आहे का?"

"गेनाऊ," गुरुजी म्हणाले.

इथेच खरी भीती सुरू झाली. गुरुजी सगळ्यालाच गेनाऊ म्हणतात. केटररनं जेवण उशिरा येईल म्हटलं तरी गेनाऊ. आधीचं नाव मी स्वतः त्यांना लिहून पाठवलेलं, ते त्यांच्या मोबाइलमध्ये होतंच. नवीन पाठवलं, उत्तर म्हणून फक्त हात जोडलेलं चित्र आलं.

आजोबांनाही फोन केला. पणजीचं नाव घेणार आहोत, असं सांगितलं. ते म्हणाले, "ऐकायला येतो."

म्हणून तो कोट. मंगलाष्टकांना सगळे उभे राहिले, गुडघ्यांमुळे ते एकटे बसून होते.

गुरुजी आले तेच हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून, धापा टाकत. मी धावले, "गुरुजी, ते पणजीचं…" त्यांनी माझ्या हातात नारळ दिला. अंतरपाट धरायच्या आधी पुन्हा गेले, तर अक्षता दिल्या. आता कन्यादानाला बसलो. त्यांचा मोबाइल माझ्यासमोर, पण माझ्या बाजूनं अक्षरं उलटी. दोन ओळी दिसत होत्या, एक पुसलेली आहे की नाही काही कळेना. "गुरुजी, नाव…" मी कुजबुजले. मंत्र न थांबवता त्यांनी मला हातानं गप्प केलं. आणि आपल्याकडे नावं घेताना पणजोबाच पहिले येतात! नवऱ्यानं पाणी सोडायला पळी उचलली. एकदा ते नाव तोंडातून गेलं की अग्नीसमोर, दोन्ही घरांसमोर तो शेजारी पुन्हा एकदा त्यांच्या दारात उभा राहणार होता.

गुरुजींनी श्वास घेतला आणि नाव घेतलं. संस्कृतचं शेपूट लावून, अगदी वेडंवाकडं, पण बाईचं.

मी दाराकडे बघितलं. आजोबा खुर्चीचा हात धरून उठत होते. शेपटामुळे त्यांना कळलंच नसेल तर? दुसरंच काही ऐकू आलं असेल तर? ते पुरते उभे राहिले. दाराकडे नाही, आमच्याकडे तोंड करून. मग एकेक बटण काढायला लागले. बोटं चालत नव्हती, वेळ लागला. कोट काढला, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि बसले.

मागून सासूबाई पुटपुटल्या, "कोट काढला, म्हणजे जेवून जाणार. त्यांच्या पानात तिखट कमी वाढायला सांग."