पाद्र्याला बोलावलं कुणी?

ताल नावाच्या तळ्याकाठच्या एका गावात हेर्वासियो मालाबानानची बेकरी चर्चच्या अगदी समोर होती, पण तो स्वतः कधी चर्चमध्ये जात नसे. तरुणपणीच तो गावातल्या मेसन लोकांच्या लॉजमध्ये, म्हणजे त्यांच्या बंद दाराआडच्या बंधुमंडळात, शिरला होता. चर्च मेसन लोकांना उभं करत नव्हतं, आणि बास्यो चर्चला. त्याला सगळे बास्योच म्हणत.

सकाळी गरम पानदेसाल पाव घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला पावाबरोबर वाद फुकट मिळे. वाद ठरलेला. परक्या सरकारने लेखक-देशभक्त रिझालला गोळ्या घातल्या, त्याच्या आदल्या रात्री तो पाद्र्यांपुढे नमला का? चर्चविरुद्ध आपलं लिहिलेलं, बोललेलं परत घेऊन पुन्हा कॅथलिक झाला का? पाद्री म्हणत, झाला, सहीचा कागद आहे. मेसन म्हणत, कागद बनावट. बास्यो आजारी पडला त्या साली रिझालची पुस्तकं शाळेत सक्तीची करण्यावरून राजधानी मनिलात रण माजलं होतं, त्यामुळे बास्योच्या दुकानात तर सकाळी उभं राहायला जागा नसे.

"कागद सोडा हो," बास्यो पिशवीत पाव टाकता टाकता म्हणायचा. "माणूस बघा. असा माणूस वाकत नाही. वाकला असेल असं ज्यांना वाटतं, ते स्वतःवरून ओळखतात."

लोक हसत. मागे भट्टीपाशी बसलेली त्याची बायको तार्सिला हसत नसे. ती न चुकता चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाई आणि या विषयात तोंड घालत नसे.

सप्टेंबरात बास्योला न्यूमोनिया झाला. डॉक्टर दोनदा येऊन गेले, आणि दुसऱ्यांदा जाताना तार्सिलाशी अंगणात हळू आवाजात बोलले. बास्योने ते खिडकीतून पाहिलं. दुपारी ती कपाळावरची पट्टी बदलायला आली तेव्हा तो म्हणाला, "पाद्र्याला बोलाव."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुणाला?"

"पाद्रे अनिसेतोला."

"बास्यो, शुद्धीवर आहेस ना? उद्या बरा झालास की माझ्यावर ओरडशील."

"बोलाव म्हणतो ना."

तिने पट्टी पुन्हा भिजवली, पिळली. "परत एकदा विचारते. खरंच बोलावू? तुझ्या लॉजवाल्यांना काय सांगू?"

यावर बास्यो रडायला लागला. तोंड उशीत खुपसून, लहान मुलासारखा. तेव्हा ती उठली आणि घरातल्या चपलांवरच रस्ता ओलांडून गेली. पाद्रे आला. बास्योने पापकबुली दिली, लॉजमध्ये गेल्याबद्दल क्षमा मागितली, मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल कपाळावर लावून घेतलं. हे सगळं तो चांगला जागा असताना झालं. आणि मग चार-पाच दिवसांत ताप उतरला.

माणूस मेला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. बास्यो भाताची पेज प्यायला लागला, आणि पाद्रे अनिसेतोने रविवारी वेदीवरून सांगून टाकलं की मालाबानान नावाचं हरवलेलं मेंढरू घरी आलं. शेजारणीने ते हौसेने येऊन सांगितलं. बास्योने पेजेची वाटी खाली ठेवली. उन्हात बसला होता, तो उठून आत गेला आणि खिडकी लावून घेतली.

त्याच आठवड्यात लॉजचे तिघे भेटायला आले. पुढे होता इलार्यो, ज्याला सगळे आदराने ‘का इलार्यो’ म्हणत, औषधांच्या दुकानाचा मालक, लॉजमधला सगळ्यात वडीलधारा. त्याने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"गावात काय बोलतात ते कानावर आलं असेल तुझ्या. आम्ही काही विश्वास ठेवला नाही. तू शुद्धीत नव्हतास. हो ना?"

प्रश्नातच उत्तर होतं, फक्त उचलून घ्यायचं होतं. तार्सिला तेवढ्यात कॉफी घेऊन दारात आली होती. बास्योने तिच्याकडे पाहिलं नाही.

"नव्हतो," तो म्हणाला. "बायका घाबरतात, का इलार्यो. तुम्हाला माहीतच आहे."

तिने कपबशा एकेक करून ठेवल्या, साखर पुढे सरकवली आणि ती बाहेर गेली.

नंतर बाजारात का इलार्योची बायको तिला सगळ्यांदेखत म्हणाली, "नवरा बेशुद्ध पडायचीच वाट बघत होतीस वाटतं." तार्सिलाने मासे निवडून घेतले आणि घरी आली. नाही म्हणाली नाही. बास्योशी मात्र पीठ नि लाकडं यांपलीकडे काही बोलेना. एकदा त्याने धीर केला. "तार्सिला, ते त्या दिवशी मी..."

"लाकडं ओली आली आहेत," ती म्हणाली, आणि भट्टीकडे वळली.

तीस डिसेंबरला, रिझालच्या मृत्युदिनी, त्याच्या पुतळ्यापाशी दरवर्षी भाषण बास्योचंच असे. या खेपेस त्याने छातीचं कारण सांगून टाळलं, म्हणून हायस्कूलचा तरुण मास्तर निकानोर उभा राहिला. पोरगा हुशार होता. पाद्रे अनिसेतो प्रार्थना म्हणून बाजूला बसला होता, त्याच्याकडे बघत मास्तर म्हणाला, "आदल्या रात्री काय झालं, याचा पुरावा मागता? लांब कशाला जाता? आपल्या बास्योकाकांचं बघा. बेशुद्ध माणूस, घाबरलेली बायको, तेल घेऊन आलेला पाद्री. आणि रविवारी जाहीर, मेंढरू घरी आलं. इथे हे होतं, तर तिथे झालं नसेल?"

टाळ्या पडल्या. माना तार्सिलाकडे वळल्या. ती बायकांच्या घोळक्यात उभी होती, पदरासारखी ओढणी डोक्यावर घेतलेली, नजर पुतळ्याच्या चौथऱ्यावर.

बास्योचे कान तापले. आपलं खोटं आता भाषणात जाऊन बसलं, उद्या शाळेतली पोरं ते पाठ करतील, हे त्याला तिथेच कळलं. तो उठला.

"मास्तर, थांब. मी शुद्धीत होतो."

टाळ्या थांबल्या.

"मला मरायची भीती वाटली. पाद्र्याला मी बोलावलं. ही जायला तयार नव्हती, दोनदा विचारलं तिने. मी रडलो, तेव्हा गेली. नंतर मी खोटं बोललो."

का इलार्यो मांडीवरच्या हॅटची कड चाचपत राहिला. पाद्रे अनिसेतो पुढे झुकला, चेहरा उजळलेला. "म्हणजे बास्यो, आता पटलं ना, रिझालसुद्धा..."

"नाही, पाद्रे. त्याने काय केलं मला ठाऊक नाही. मी पाव भाजणारा माणूस. माझ्यावरून त्याला मोजू नका. तूही नको, मास्तर."

त्याला वाटलं होतं, बोललो की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. गर्दीतून वाट काढताना लोक बाजूला सरत होते, आणि ओळखीचा एकेक चेहरा दुसरीकडे बघत होता. घरी पोचला तर तार्सिला त्याच्या आधी येऊन पीठ चाळत होती.

"चारचौघांत सांगितलंस," ती म्हणाली.

"हो."

"त्या तिघांसमोर सांगायचं होतंस. मी कॉफी घेऊन उभी होते."

तो लाकडं आणायला मागच्या दारी गेला.

लॉजने त्याला काढलं नाही. तोच जायचा थांबला. चर्चमध्येही गेला नाही, कारण त्या दुपारी मनात श्रद्धा होती की नुसती भीती, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. एप्रिलमध्ये लिपा शहरातून मुलगी बाळाला घेऊन आली. जेवताना तिने विचारलं, पपांच्या आजारपणाचं काय काय ऐकते मी? तार्सिलाने सगळं सांगितलं, पट्टीपासून पुतळ्यापर्यंत. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. बास्यो ताटावर मान घालून ऐकत होता. मधेच मुलीने वर बघून विचारलं, "खरं का हो, पपा?"

"आई सांगतेय तसंच," तो म्हणाला.