खानदानी रगत

ताईच्या बाळंतपणासाठी मी बीडच्या एका दवाखान्यात थांबलो होतो. तिच्या शेजारच्या खाटेवर आष्टीकडच्या एका पुढाऱ्याची सून होती. पुढारी नव्या कोऱ्या गाडीतून नातवाला बघायला यायचे. बोलताना त्यांचा हात सतत मिशीवर असायचा, जणू ती कुणी पळवून नेणार होतं.

जन्माच्या दुसऱ्याच दिवशी त्या सुनेचं बाळ दूध ओढेना, अंग गार पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “रक्तात जंतू गेल्याची शंका येतेय. आत्ताच रक्त तपासलं तर वेळेत औषध देता येईल.”

पुढाऱ्यांनी मिशी सोडली. “एवढुशा लेकराचं रगत काढता? आमच्या खानदानाचं रगत हाय ते. त्यात खराबी कावून निघंल?”

बाई समजावत राहिल्या आणि पुढारी भाषण देत राहिले. घराण्यात कोण कोण निवडणुकीला उभं राहिलं, तेही आम्हाला ऐकावं लागलं. तेवढ्यात सून खाटेवरून उठली. पदर सावरायलाही न थांबता तिनं बाळ बाईंच्या हातात दिलं.

“घ्या रगत. निम्मं माझं हाय.”

संध्याकाळी रिपोर्ट आला. बाईंची शंका खरी निघाली. लगेच औषधं सुरू झाली आणि आठवडाभरात बाळ रडून दवाखाना डोक्यावर घेऊ लागलं. ते रडणं ऐकत सून हसत बसायची.

पुढारी पेढे वाटत आमच्याकडे आले. मी मुद्दाम विचारलं, “काका, रक्तात खराबी निघालीच की!”

“निघाली ना,” ते मिशी कुरवाळत म्हणाले, “पर ती सुनंच्या माहेरची.”