टेक इन

जागा आत्याला मिळाली, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण ती कशी मिळाली, ते ऐकण्यासारखं आहे.

माझी आत्या कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, मागच्या खोलीत, गेली एकवीस वर्षं तयार कपडे गिऱ्हाइकाच्या मापाचे करून देते. हातात कसब, जीभ तिखट आणि इंग्रजीशी छत्तीसचा आकडा. काउंटरवरून चिठ्ठीवर ‘टेक इन’ आलं की कपडा आत घ्यायचा, म्हणजे अंगाबरोबर घट्ट करायचा, एवढं तिला पाठ होतं. एकदा काउंटरवरच्या नव्या मुलीनं एका कोटाला चिठ्ठी लावली, ‘टेकन इन ॲट टू.’ बिचारीला म्हणायचं होतं, कोट दोन वाजता ताब्यात घेतला. आत्यानं तो दोन इंच आत घेतला. गिऱ्हाईक चांगलं खात्यापित्या घरचं. एक हात बाहीत गेला, दुसरा बाहेरच राहिला.

पुढे शिवणखोलीच्या मुख्य बाई निवृत्त झाल्या. त्यांची जागा हवी तर मॅनेजरबाईंसमोर इंग्रजीत बोलून दाखवायचं, अशी अट निघाली. नाहीतर बाहेरून कुणी येणार आणि आत्याला कालच्या पोरीच्या हाताखाली काम करावं लागणार. तिला ते मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

शिकवायला मी होते. चार महिने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजी निवडता निवडता. सुरुवात ‘टेक इन’पासूनच केली. कपडा आत घेणं तर झालंच. ऐकलेलं नीट समजून घेणं, तेही टेक इन. कुणी आपल्याला गंडवलं तर आपण ‘टेकन इन’. आणि ज्याला कुणी नाही त्याला घरात आसरा देणं, तेही टेक इन. इंग्रजांकडे शब्दांची फारच टंचाई दिसते, असं आत्या म्हणाली. शेवटच्या अर्थावर मात्र ती नुसत्या शेंगा सोलत राहिली.

मीही घाईनं वहीचं पान उलटलं. मी सहा वर्षांची असताना आई-बाबा गेले, तेव्हा सगळे नातेवाईक एकमेकांकडे बघत बसले आणि आत्यानं माझी पिशवी उचलली. तिची एकच खोली होती. यावर आम्ही दोघी कधीच बोललो नव्हतो.

परीक्षेच्या दिवशी मी दाराबाहेरच्या बाकावर होते. दार उघडंच होतं. मॅनेजरबाईंनी नेमकं ‘टेक इन’चंच वाक्य विचारलं. मी खूश झाले. झगा कमरेत आत घेण्याचं वाक्य आम्ही शंभरदा घोकलं होतं.

आत्या म्हणाली, “आय टुक इन अ गर्ल. सिक्स इयर्स. आय डिड नॉट कट.”

बाईंना काही उलगडेना. तेव्हा आत्या सरळ मराठीवर आली. “कपडा आत घेताना जादाचं कापड कापायचं नसतं, मॅडम. शिवणीच्या आत राहू द्यायचं. पुढं अंग वाढलं की सोडता येतं. त्याला आम्ही माया म्हणतो.”

बाईंनी मला आत बोलावलं आणि विचारलं, की मायेला इंग्रजीत काय म्हणतात?

शिवणकामातला शब्द मला येत होता. चार महिने आत्याची एकेक चूक पकडणारी मास्तरीण मीच.

“शब्द नाही, मॅडम,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.