शेवट न सांगणारी कुसुम

वैशालीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, आई गेल्या हो पहाटे." मी "बरं" म्हटलं... आणि उरलेली जुडी निवडून संपवली. धक्का बसलाच नाही. वैशाली म्हणजे माझ्या मैत्रिणीची, कुसुमची, सून. कुसुम गेली काही वर्षं एकेक गोष्ट विसरत चालली होती. जन्मभर वाचकांना शेवटच्या ओळीत दचकवणाऱ्या बाईच्या वाट्याला असा शेवट यावा, जो शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही महिनाभर आधी कळला होता! असली गोष्ट तिने फाडून टाकली असती.

आमची ओळख वाचनालयात झाली, एकाच दिवाळी अंकावरून भांडताना. त्या काळी मी फार शहाणी होते. भारदस्त दिसावं म्हणून नंबर नसताना चष्मा लावायचे, आणि कुणी रहस्यकथा वाचायला घेतली की मध्येच शेवट सांगून मोकळी व्हायचे. आमच्या गंगापूर रोडच्या वाचक मंडळातल्या बायका मला पाहून पुस्तक मिटायच्या. त्या अंकात कुसुमची कथा होती. मी ठसक्यात म्हटलं, "नवराच खुनी. तिसऱ्या पानावर कळतंय." ती शांतपणे म्हणाली, "तिसऱ्या पानावर तुम्हाला तसं वाटावं, म्हणून तर एवढी खपलेय मी." घरी येऊन वाचलं. नवरा नव्हता. कोण होतं ते सांगत नाही, तेवढी अक्कल तिनेच मला शिकवली.

पुढे तिच्या प्रत्येक कथेची पहिली वाचक मी. "या समीक्षकबाई," म्हणत ती कागद हातात द्यायची, शेवट सोडून. तो लिहून होईपर्यंत ती कुणालाच सांगत नसे, नवऱ्यालाही नाही. भुतंखेतं, रक्तबिक्त तिला चालायचं नाही. म्हणायची, "भीती रोजच्या वाक्यात ठेवायची गं. एकदा सहज म्हणायचं, दुसऱ्यांदा सवयीनं, आणि तिसऱ्यांदा त्यातलं काहीतरी गाळायचं. काय गेलं ते वाचकाला कळत नाही, पण तो सावरून बसतो." तिची शेवटची कथा पिंपळगावच्या, म्हणजे तिच्या माहेरच्या, एका कोल्ड स्टोअरमधली. द्राक्षं भरणाऱ्या बायका, आणि संध्याकाळी दार लावताना विचारणारा वॉचमन, "समद्या भाईर आल्या का गं?" आधी थट्टेत, मग सवयीनं. तिसऱ्या संध्याकाळी तो विचारत नाही, नुसतं कुलूप लावतो. मी लगेच म्हटलं, "आत कुणीतरी राहिलंय!" कुसुम हसली. "एवढंच असतं तर पेपरात बातमी दिली असती. शेवट झकास सापडलाय, शालन. लिहिते सावकाश."

त्याच सुमारास एका सकाळी तिचा फोन आला. "शालन, तुमच्याकडे पाणी आलं का?" तासाभराने पुन्हा तोच प्रश्न. दुपारी पुन्हा, "तुमच्याकडे पाणी आलं का?" या वेळी माझं नाव नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या हो! "ओळखलं! नाव गाळलंस. माझ्यावर कथा रचतेस ना?" पलीकडे तीही हसली, जरा उशिराच. तो सबंध हिवाळा आमचा हा खेळ चालला. ती विसरायची, मी दाद द्यायचे. भाजीत दोनदा मीठ पडलं, वा! कॉलेज रोडवरून घरचा रस्ता सापडेना, क्या बात है! शेवटी वैशालीने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. त्यांचं बरोबरच असेल. पण त्या हिवाळ्यात कुसुमला कोल्ड स्टोअरच्या कथेचा शेवट अजून ठाऊक होता, आणि "आता लिहून टाक बाई" असं म्हणायचं सोडून तिची ही हुशार वाचक वाहवा करत बसली होती.

मग मी रोज दुपारी जाऊ लागले. तिच्या जुन्या छापलेल्या कथा वाचून दाखवल्या की ती शेवटाला दचकायची. "कोणी लिहिलंय गं हे? लय दुष्ट दिसते मेली!" आम्ही पोट धरून हसायचो. पण ही अर्धी कथा वाचली, वॉचमनने कुलूप लावलं, की ती माझं मनगट घट्ट धरायची. "पुढं काय होतं?" तिचीच कथा, तिनेच पेरलेली भीती, आणि त्यातून बाहेर पडायची वाट तिलाच सापडत नव्हती. एके दिवशी मला बघवेना. मीच शेवट रचला. वॉचमनला आठवतं, तो परत येतो, दार उघडतो, सगळ्या सुखरूप बाहेर येतात. कुसुमने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"हा नाही."

"मग कोणता गं?"

"ते नाही आठवत... पण हा नाही."

दुसऱ्या दिवशी वेगळा सांगितला. तोही नाही. माझं नाव गेलं, वैशालीचं गेलं, पण बोलणं बंद होईपर्यंत तेवढी पारख शाबूत होती.

तेराव्यानंतर वैशालीने ते कागद माझ्या हातात दिले. "मावशी, तुम्हीच पूर्ण करा. यंदाच्या दिवाळी अंकाला देऊ." तेव्हापासून रोज जेवण उरकलं की बसते. एक शेवट लिहिते, मोठ्याने वाचते, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचायच्या आतच कळतं, ती मान हलवतेय. कालचा तर बरा जमला होता. शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनही झाला...

हा नाही.