आजोबांचा टर्न

रविवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एका कार्टून कंपनीने माझ्या नवऱ्याची बोलायची पाळी रद्द केली.

तो जाऊन त्याच दिवशी वर्ष झालं, हे त्यांना माहीत नसणार. माहीत असतं तरी केलीच असती.

कार्टून पाणमांजरांचं. आईबाबा, तीन पिल्लं आणि शाळा घरातच. नदीकाठी फळा लावून आईच शिकवते.

मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "घरीच शाळा? मग सिस्टरनी काय गोट्या खेळायच्या?"

"आजी, शूऽ!" नात ईरा. तेव्हा चार वर्षांची.

तिच्या शेजारी खुर्चीत माझा नवरा, अरुण. अर्धांगाच्या झटक्याने त्याची वाचा गेली होती. ज्याची हाक सुपारीच्या वाडीच्या पार टोकाला पोचायची, तो नुसता बघत बसायचा.

भेटायला येणारे प्रेमाने यायचे आणि त्याला बोलूच द्यायचे नाहीत.

तो ओठ जुळवतोय तोवर, "काय अरुणभाऊ, चहा? पाणी? पंखा वाढवू?"

शेवटी कंटाळून तो मान हलवायचा. पंखा वाढायचा. त्याला हवा असायचा चष्मा.

पाणमांजराची आई तशी नव्हती. ती प्रश्न विचारायची आणि थांबायची. पडद्यातून सरळ आपल्याकडे बघत, डोळे मिचकावत, चांगली ऐसपैस थांबायची.

आमच्या सिस्टर एवढ्या थांबल्या असत्या, तर माझं गणित सुधारलं असतं.

एका दुपारी तिने विचारलं, "सांगा बरं, पाण्यावर काय तरंगतं?"

"पान!" ईरा ओरडली.

खुर्चीतून आवाज आला. "ना... रळ."

"आजोबा, चूक! पान!"

"नारळ."

ईराने जरा विचार केला. "नारळ पण तरंगतो. ओके."

मी आत खोबरं खवत होते. विळी तशीच टाकून धावले.

मग रोज दुपारी शाळा भरू लागली. एकदा पाणमांजराच्या आईने विचारलं, "तुमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज कोणाचा?"

अरुणने माझ्याकडे बोट केलं. "हिचा. रोज."

दोन शब्द, आणि तेही टोमण्याचे! मी सुखाने रडले.

पुढे दुसऱ्या झटक्यात तो गेला. पण मधले कितीतरी महिने आम्ही तोंडाने भांडलो. हे मला एका कार्टूनने दिलं. मी ते विसरणार नाही.

रविवारी ईरा आली होती. तोच एपिसोड लावला. "पाण्यावर काय तरंगतं?" विचारून आईने श्वासही घेतला नाही, तोच पिल्लू किंचाळलं, "पान!"

थांबणं कापून टाकलंय. नवी, फास्ट आवृत्ती म्हणे.

मी कस्टमर केअरला फोन लावला. मुलगी गोड बोलली. "मॅडम, मुलं बोअर होतात."

"माझा नवरा झाला नव्हता."

"तुमचा फीडबॅक आम्ही..."

"फीडबॅक नाही गं बाळ. तक्रार."

मी फोन ठेवला, तेव्हा ईराने एपिसोड मागे नेला होता. प्रश्न संपताच तिने पॉज दाबला.

"आजी, तू बोलू नकोस हं. आजोबांचा टर्न."

आम्ही दोघी थांबलो.

ज्यांनी हे कार्टून मुळात बनवलं, त्यांचे मनापासून आभार. ज्यांनी कापलं, त्यांनी जुने एपिसोड परत कधी लावणार ते येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावं. कुठल्या तरी घरात कोणीतरी आत्ताही ओठ जुळवत असेल.

मुदत त्यांना आहे, अरुण.

तू सावकाश सांग.