नाऊम दुभाष्या स्वतःचं बोलला

माझा थोरला भाऊ नाऊम अलेप्पोत परदेशी व्यापाऱ्यांच्या कॉन्सलचा दुभाष्या. कॉन्सलने तुर्की अंमलदाराला डुक्कर म्हटलं, की हा तुर्कीत सांगायचा, "साहेब आपली खुशाली विचारताहेत." घरी आला की ताटातली भाकरी चुरगाळत बसायचा. मी ओरडायचे, "अरे, भाकरीनं तुझं काय घोडं मारलंय?"

त्या उन्हाळ्यात कॉन्सलच्या भाच्याने भर बाजारात घोडा भरधाव सोडला. नाऊम वाट दाखवत पुढे होता. "आवरा, माणसं आहेत!" तो ओरडला. भाच्याने हसत टाच मारली. साबणाच्या कारखान्यातला म्हातारा हमाल हमदो टापांखाली आला, मांडीचं हाड मोडलं.

प्रकरण काझीपुढे गेलं. काझी इस्तंबूलचा, तुर्की बोलणारा; इथली बोलीतली अरबी त्याला कळेना. हमदोला दुसरं काही येईना. हमदोच्या बायकोला धरून मी दारात उभी होते. कॉन्सलची भाषा कानावर पडून मलाही थोडी कळायची.

कॉन्सल नाऊमला म्हणाला, "सांग, म्हातारा दारू प्यायला होता."

उभ्या जन्मात दारूला न शिवलेला माणूस! नाऊमचं तोंड लालबुंद झालं.

"साहेब, हे खोटं आहे."

"तू फक्त जीभ आहेस. विचार करायला आम्ही आहोत."

नाऊम काझीकडे वळला. "कॉन्सल म्हणतात, हमदो प्यायलेला होता. आणि मी सांगतो, ते खोटं बोलताहेत. घोडा मुद्दाम अंगावर घातला. मी पाहिलं."

"हे कुणाचं बोलणं?" काझीने विचारलं.

"माझं!"

हमदोला भरपाई मिळाली, पाय काही सरळ झाला नाही. भाच्याला मात्र कुणी बोट लावलं नाही. बंदरावर नेऊन गुपचूप जहाजावर चढवला. त्याच दिवशी काझीच्या दारातच कॉन्सलच्या शिपायांनी नाऊमची केसाळ टोपी, दुभाष्याच्या नोकरीची खूण, हिसकावली. आमचे पाद्री घरी येऊन म्हणाले, "कॉन्सलची माफी माग, बाळा." नाऊमने दार उघडून धरलं, "या आता." ती टोपी आमच्याच चुलतभावाने डोक्यावर चढवली. त्याच्या बायकोशी मी अजून बोलत नाही.

नाऊम आता काझीच्या दाराशी बसतो. तुर्की न येणारे खेडूत येतात, त्यांचं गाऱ्हाणं तो आत जाऊन सांगतो. शिव्यांसकट. काझी वैतागतो, "अरे, जरा गोड करून सांग की!"

"गोड करायचं सोडलं, हुजूर," म्हणतो, आणि पुढची शिवी सांगतो.